सरुबाईची फटफटी

१

दसऱ्याच्या सकाळी हिंदुरावांनी फटफटीवरची चादर काढली, झेंडूच्या माळा बाजूला सारल्या, आणि आत इंजिन नव्हतं. दोन चाकं, हँडल, टाकी, पायडल सगळं जागच्या जागी होतं. मधे नुसती पोकळी, आणि त्या पोकळीतून पलीकडची भिंत दिसत होती.

"गेलं," हिंदुराव म्हणाले आणि मटकन खाली बसले.

मी खाटेवर आडवा होतो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी मी आडवा असतानाच घडल्या आहेत, त्याला माझा इलाज नाही. माझं नाव सोपान, राहणार इंदापूर. तीस वर्षं कालव्यावर इन्स्पेक्टर होतो. कुणी दार उचलून पाणी पळवलं, हे चिखल बघून ओळखायचं, हेच काम. ओल किती वेळाची, पाऊल आधीचं की पाणी आधीचं, एवढं मला कळतं. बाकी अक्कल बेताची. पेन्शनीत निघाल्यापासून दुपारची झोप मी कुणासाठी मोडत नाही, आणि कोऱ्हाळे बुद्रुकच्या त्या गुऱ्हाळासारखी झोप मला दुसरीकडं कुठं लागत नाही.

साल सत्तावन. दोन वर्षांमागं ऊस नव्या कारखान्याला जायला लागला तसं हिंदुरावांचं गुऱ्हाळ बंद पडलं. दुसऱ्या कुणी तिथं कडबा भरला असता. हिंदुरावांनी पहिल्या लढाईच्या आधीच्या फटफट्या आणून ठेवल्या. म्हणजे सायकलच, पण मधे इंजिन बसवलेली आणि मागच्या चाकाला कातडी पट्टा. चढ आला की पायडल मारायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. एक मिशनच्या दवाखान्याच्या अडगळीतून आणलेली, एक कऱ्हाटीच्या विहिरीतून उपसलेली, दोन पुण्याच्या भंगारातल्या. पाचवी ही, सरुबाईची. कौलांतून उन्हाच्या पट्ट्या यायच्या, जुन्या गुळाचा वास अजून भिंतींत होता, आणि त्या पाच गाड्या अशा उभ्या असायच्या की आपण झोपलो की त्या आपापसात बोलत असतील असं मला खरोखर वाटायचं.

"कुलूप शाबूत हाय," हिंदुराव उठत म्हणाले. दारात तिघं उभे होते, त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ते बोलले. "किल्ल्या दोनच. एक माज्या कमरंला. दुसरी गेणूकडं."

दारातल्या तिघांत गेणू होता.

२

सरुबाई कोण ते आधी सांगतो, नाहीतर इंजिन गेल्याचं एवढं काय, असं वाटेल.

सरुबाई माझ्या गल्लीतली. तिचा नवरा संभाजी कालव्याच्या गोऱ्या साहेबाकडं चाकरीला होता. साहेब लढाईवर गेला, जाताना फटफटी संभाजीला देऊन गेला. संभाजी तिच्यावरून कालव्याच्या नोटिसा गावोगाव पोचवायचा. पंचवीस साली तो गेला. गाडी गोठ्यात कडब्याखाली राहिली ती एकतीस वर्षं. इंदापूरच्या सर्जेरावांनी चारदा मागितली, दिली नाही. मग गेल्या वर्षी बाईचा डावा कान पार गेला. उजवाही जाणार, वर्ष-दीड वर्ष धरा, असं पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं. घरी आली आणि मला म्हणाली, "सोपानराव, त्या कोऱ्हाळ्याच्या मान्साला सांगा, गाडी फुकट न्या. पण एकदा चालू करून माज्या फुडं उभी करा. मला कान हायत तवर ऐकायचीय."

म्हणून दसरा ठरला होता. बाई दुपारच्या गाडीनं येणार होती.

आणि ही गाडी उभी केली होती गेणूनं. बारामतीत त्याचं सायकलचं दुकान. एक वर्ष तो दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून इकडं यायचा. बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवणारा माणूस वेडा असतो किंवा प्रेमात असतो. रंग त्यानं खरवडू दिला नाही, म्हणाला, "साहेबाच्या टायमाचा हाय, राहू द्या." टाकीची भोकं तांबटाकडून भरून घेतली. पट्टा कुठं मिळेना, तर पंप आल्यापासून पडून असलेली विहिरीची मोट उसवून तिच्या कातड्याचा पट्टा शिवला. इंजिनाला फक्त एरंडेल चालतं, म्हणून एरंडेलाची बाटली स्वतःकडं ठेवायचा आणि फडक्यातून चारदा गाळायचा. हिंदुरावांनाही त्याची सक्त ताकीद होती: दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही.

मी त्याला बाहेर पाटाच्या कडेला गाठलं.

"सप्तमीला मी बारामतीला गेलो, तात्या. एरंडेल गाळायला नेलं. काल, नवमीला, थेट पूजंच्या टायमाला आलो. हत्यारं पूजंला मांडली, कुंकू लावलं, पेटीला दोरा बांधला. बघा तुमी, दोरा हाय तसा हाय. खंडेनवमीला बांधलेली हत्यारं आमी सीमोल्लंघनाशिवाय सोडत न्हाय. माज्या बापानं कधी सोडली न्हाईत."

"दुसरा पाना असंल तुज्याकडं, असं म्हणतील."

"म्हणू द्या की." त्यानं खिशातून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "वर्सभर ह्या दारातनं आत आलो. आता पोलीस पाटलाला बोलवायचं म्हणत्यात. बोलवा. इंजिन घावलं तरी मी हात लावनार न्हाय."

आणि तो बारामतीच्या रस्त्यानं चालू लागला. तालुक्यात ते इंजिन बोलतं करणारा दुसरा माणूस नव्हता.

३

"पोतं सोडा, सर्जेराव," मी म्हणालो.

सर्जेराव जाडजूड, सुपारी खाणारा, बोलताना हातवारे करणारा माणूस. त्याला जुन्या गाड्यांचे दिवे गोळा करायचा नाद. कार्बाइडचे, वातीचे, फुटके, कसलेही. नवमीला दुपारी इंदापूरहून एसटीनं आला तो एक जड पोतं घेऊन, आणि ते रात्री उशाला घेऊन निजला. इंजिन म्हणजे फार मोठं नव्हे, पुढच्या तिरक्या नळीला दोन पकडींनी आवळलेलं, एका माणसाला उचलेल एवढं. पोत्यात मावलं असतं.

"माज्यावर संशय?"

"सगळ्यांवरच हाय. झोपेत असलो म्हंजे माज्यावर बी असतो."

तो खाली बघायला लागला. मग पोत्याचं तोंड सोडलं. आत चिंध्यांत गुंडाळलेला पितळी दिवा होता, घासून लखलखीत केलेला.

"हिचाच हाय," सर्जेराव हळू आवाजात म्हणाला. "संभाजीनं तेवीस साली माज्या बापाला दिला. चार वेळा गाडी मागितली ती ह्याच्यापाई. दिव्याला गाडी पायजे का न्हाय? सरुबाईनं मला दिली न्हाय. राग आला. मग म्हणलं गाडीला दिवा देऊन टाकू. आज बसवून दावनार होतो तिला."

सुपारी तोंडात तशीच होती, चावायचं विसरला होता. मला त्याची लाज वाटली नाही, माझीच वाटली.

"पूजंला तुमी कुठं उभं होता?"

"दाराशी. सगळीच दाराशी होती. हिंदुरावांनी आत कुणाला येऊच दिलं न्हाय. दोन्ही बाजूला उसाची कांडी बांधलेली, मधे झेंडूचा ढीग. आमी लांबनंच अक्षता टाकल्या. तात्या, एक सांगू? गाडी लई सजवली होती. नवरी बी एवढी झाकत न्हाईत."

४

दुपार झाली आणि मी झोपलो. लोक हसतील, पण मला डोळे मिटल्यावर जास्त दिसतं.

आदल्या दिवशी, नवमीलाही, मी त्याच खाटेवर त्याच वेळी झोपलो होतो आणि मला आई दिसली होती. ती चुलीपुढं बसून घटावर टांगायच्या कडाकण्या तळत होती. कढईत तेल चरचरत होतं आणि आई पाठमोरीच म्हणत होती, सोपान, हात लावू नको, देवीच्या आहेत. जाग आली तरी तो तळणाचा वास नाकात राहिला होता. आज पुन्हा तेच. आई, कढई, आणि जागा झालो तरी वास. या खेपेला मी उठून बसलो आणि हुंगलं. वास स्वप्नातला नव्हता. गुळाच्या वासाच्या खाली, अगदी बारीक, करपलेल्या तळणाचा वास गुऱ्हाळात खरोखरच होता.

म्हटलं, घरातून येत असेल. मी घराकडं गेलो. हिंदुरावांची बायको द्वारकाबाई ओसरीवर आपट्याची पानं निवडत होती.

"वैनी, कडाकण्या झाल्या का? वासानं झोप मोडली माजी."

"थट्टा करताय व्हय भावजी?" तिनं पानं टोपलीत आपटली. "औंदा घट कडाकण्यांबिगर बसलाय. लगीन झाल्यापास्नं असं कधी झालं न्हाय. आठ दिसांमागं घाण्यावरनं करडईचं ताजं तेल आणलं, डबा भरून. अष्टमीला सांजच्याला तळायला बसले तर डबा पालथा. ह्यास्नी इचारलं, तर म्हणत्यात मांजरानं सांडलं. सांडलं तर जमिनीला डाग नगं का?"

"अष्टमीला दुपारी तुमी कुठं होता?"

"देवीच्या देवळात. समद्या बायका तितंच होत्या. गडी बी रानात."

मी ओसरीच्या पायरीवर बसलो. घरात थेंबभर तेल नाही, तळण नाही. मग गुऱ्हाळात तळलं कुणी, आणि काय?

५

एसटी यायला तास होता. मी परत गुऱ्हाळात गेलो, दार लोटलं आणि गाडीपुढं मांडी घालून बसलो, जसा पूर्वी फुटलेल्या पाटापुढं बसायचो.

इंजिन जिथं आवळलेलं होतं तिथं त्या तिरक्या नळीवर दोन पट्टे उघडे पडले होते. पकडींखाली वर्षानुवर्षं झाकलेलं पांढरं लोखंड. त्या पट्ट्यांवर कुंकू होतं. मी नाक टेकवून पाहिलं. नुसती भुकटी असती तर माळा काढताना सांडली म्हटलं असतं. ही भुकटी नव्हती. पाणी शिंपडलं होतं, त्यात कुंकू विरघळलं होतं, आणि थेंब वाळून त्याची गोल कडा उमटली होती. एका थेंबात तांदळाचा दाणा बसून घट्ट चिकटला होता. नखानं काढावा लागला.

तीस वर्षांत मी दुसरं काय शिकलो? उघड्या जागी पाणी शिरतं, झाकल्या जागी शिरतच नाही.

मी हिंदुरावांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"हिंदुराव, पूजंचं पाणी तुमी शिंपडलं, विड्याच्या पानानं. आज सकाळपास्नं हितं पाणी न्हाय शिंपडलं कुणी. व्हय?"

"व्हय."

"मग ह्या पट्ट्यावर थेंब कसा वाळला? इंजिन असतं तर इथं पकड होती. पाणी शिरायला जागाच न्हाय. म्हंजे पूजा झाली तवाच इंजिन नव्हतं. आमी समद्यांनी झेंडूच्या ढिगाला नमस्कार केला."

हिंदुरावांनी बोटानं तो थेंब चाचपला. मी पुढं बोलत राहिलो.

"सर्जेराव दुपारी आला, तवा माळा चढल्या होत्या. गेणू पूजंला आला. सप्तमीला त्यानं नेलं म्हणावं, तर माळा घालताना तुमाला पोकळी दिसली असती. ऊस तुमी बांधला, झेंडू तुमी रचला, कुणाला आत येऊ दिलं न्हाय. आन् अष्टमीला समदी देवळात असताना घरातलं करडईचं तेल गेलं. एरंडेल गेणूकडं बारामतीला होतं. तरी तुमी त्याच तेलावर गाडी काढली, व्हय ना?"

हिंदुरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. एवढा मोठा बागायतदार, पण तेव्हा अगदी लहान दिसला.

"वर्सभर नुसती बघत होतो, तात्या," ते म्हणाले. "आपलीच गाडी, आन् हात लावायचा न्हाय. म्हणलं दोन फर्लांग, पाटाच्या कडंनं. तेल ते तेल. काय चालली ती! पाण्यात माजी सावली पळत होती. मला वाटलं मी झोपेत हाय. मग धूर आला, कढईवानी वास आला, आन् चाक जागच्या जागी धरलं. इंजिन फिरंना. मी जीव घेतला तिचा. सरुबाई येनार, ती म्हननार लाव. कुठल्या तोंडानं सांगू, की तुज्या नवऱ्याची गाडी तुला ऐकवायच्या आधी मी मारली?"

"कुठं हाय?"

त्यांनी गूळ कढवायच्या काहिलीखालच्या चुलाणाकडं बोट केलं. चिपाडांखाली गोणपाटात बांधलेलं इंजिन होतं. गोणपाट सोडलं तसा तो वास भपकन आला.

मला राग आला होता, आणि तो अजून आठवला की येतो. "तुला तोंड नव्हतं, म्हणून गेणूचं काळं केलंस व्हय रे? चोर कोण, हे तू किल्ल्या मोजून सांगितलंस. समद्यांपुढं. आता समद्यांपुढंच बोल."

६

सरुबाई आली. इरकली लुगडं, हातात काठी, उजवा कान पुढं करून चालणारी. तिला खाटेवर बसवलं. सर्जेरावांनी सायकलवर जाऊन गेणूला अर्ध्या रस्त्यातून परत आणलं, कसं आणलं ते मला माहीत नाही, पण दोघंही घामाघूम होते.

हिंदुराव सकाळी जिथं उभे होते तिथंच उभे राहिले आणि सगळं बोलले. तेलाचा डबासुद्धा सोडला नाही. द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला. सरुबाईच्या कानाशी जाऊन त्यांनी तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. ती ऐकत राहिली, चेहरा हलला नाही.

शेवटी ते गेणूकडं वळले. "मी खोटं बोललो. तू चोर न्हाईस. चोर मी हाय."

गेणू त्यांच्याकडं बघतच नव्हता. तो गोणपाटाशी उकिडवा बसला होता. इंजिनाच्या तोंडात बोट घालून त्यानं ते नाकाशी नेलं, मग अंगठ्यावर चोळलं. चिकट, तपकिरी तार निघाली.

"हे रोगण हाय," तो म्हणाला. "करडईचं तेल कढलं की रोगण व्हतंय. मोटंच्या कातड्याला लावत्यात तेच. मेलं न्हाय हे इंजिन, चिकटलंय."

"सुटंल?"

गेणूनं बोट फडक्याला पुसलं. त्यानं म्हटलं होतं, हात लावणार नाही, आणि तो शब्दाचा माणूस. मग त्यानं हत्यारांची पेटी हिंदुरावांपुढं सरकवली.

"सीमोल्लंघन झालं की हा दोरा तुमी सोडायचा. आन् पाना मागंल तो हातात द्यायचा. रात्रभर."

संध्याकाळी सोनं लुटून सगळे परत आले तेव्हा कोऱ्हाळ्याच्या गुऱ्हाळात दोन वर्षांनी चुलाण पेटलं. काहिलीत पाणी, पाण्यात धुण्याचा सोडा, आणि गुळाऐवजी इंजिन. हिंदुराव चिपाडं सारत होते, मी अर्थातच झोपलो.

७

सकाळी गाडी पाटाच्या कडेला घोडीवर उभी केली, मागचं चाक अधांतरी. पुढं सर्जेरावांचा दिवा चमकत होता. टाकीत एरंडेलाचा हातपंप होता, तो दाबायला हिंदुराव गुडघ्यांवर बसले. गेणू वर चढला आणि पायडल मारायला लागला. पट्टा करकरला, एकदा खोकल्यासारखं झालं, मग दोनदा, आणि मग ती बोलायला लागली.

फट, फट, फट, फट. घाई नाही, आरडाओरडा नाही. निळसर धूर पाण्यावर पसरला, गोडसर वासाचा. पलीकडच्या उसातून बगळे उठले. मला वाटलं मी अजून झोपेत आहे आणि उठूच नये.

सगळे सरुबाईकडं बघत होते. ती उजवा कान गाडीकडं करून बसली होती, डोळे मिटून. एक मिनिट गेलं, दोन गेली. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. हिंदुराव पंप दाबत राहिले. त्यांनी वाकून विचारलं, "ऐकू येतंय का, आक्का?"

"येतंय की," ती म्हणाली. "आता बंद कर."

हिंदुरावांचं तोंड उतरलं. गेणूनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं खटका ओढला. फट, फट, मग एक सुटं फट, आणि मग काही नाही. पाणी वाहत होतं. चाक थोडा वेळ आपलं आपण फिरलं आणि थांबलं.

सरुबाईनं मोठा श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले.

"हे ऐकायचं हुतं," ती म्हणाली. "रोज सांजच्याला पुलापास्नं आवाज यायचा. दारात येऊन बंद पडला की मी तव्यावर भाकरी टाकायची. त्या दिशी नोटीस घिऊन डाळजला गेले, तितंच पटकीनं गेले. गाडी लोकांनी बैलगाडीत घालून आणली, मुकी. ती थांबल्याली मी ऐकलीच न्हाय." तिनं कानावर हात ठेवला. "बत्तीस वर्सं ह्यात चालूच हाय. डाक्टरला वाटतं मला ऐकू येत न्हाय. ह्या आवाजापुढं ऐकू काय येनार?"

गेणू गाडीवरून उतरला आणि हँडल धरून तसाच उभा राहिला.

"आता थांबलं," सरुबाई म्हणाली. काठी टेकून ती उठली आणि घराकडं निघाली. ओसरीशी पोचल्यावर तिनं हाक मारली, "द्वारके, तवा ठेव गं. मानसं आली."